कंटेनरमधील एपीएल भाषा

एपीएल या गणिती चिन्हांच्या संगणक भाषेचा इंटरप्रिटर, त्याला लागणाऱ्या सर्व फाइलींसह, एका बंदिस्त सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये बसवून चालविण्याची पद्धती. इंटरप्रिटर म्हणजे लिहिलेली आज्ञा वाचून ती तत्काळ अमलात आणणारी आज्ञावली. तर कंटेनर म्हणजे यजमान संगणकाचा कर्नेल (परिचालन प्रणालीचा गाभा) वापरणारा, परंतु फाइली, प्रक्रिया व साधने यांबाबत त्या संगणकावरील इतर आज्ञावलींपासून वेगळा ठेवलेला आज्ञावलींचा गट होय. ही पद्धती २०१३ नंतर प्रचारात आली. सी, जावा किंवा पायथन यांसारख्या बहुप्रचलित भाषांसाठी कंटेनर ही मुख्यतः सोय आहे. ज्या भाषांचे जाणकार थोडे व तयार साधने त्याहून थोडी, अशा भाषांच्या बाबतीत मात्र आज्ञावली चालू राहणे किंवा न राहणे हे पुष्कळदा कंटेनरवर अवलंबून असते. एपीएल ही अशा भाषांपैकी एक महत्त्वाची भाषा आहे.

१९७० नंतरच्या दशकात विमागणित, निवृत्तिवेतन निधींचे मूल्यमापन, वित्तव्यवहार, संख्याशास्त्र इ. क्षेत्रांत एपीएलचा मोठा प्रसार झाला होता. त्या काळी लिहिलेल्या आज्ञावलींपैकी काही आजही वापरात आहेत. त्यांचे दुसऱ्या भाषेत पुनर्लेखन करता येते. परंतु नव्या आज्ञावलीचे उत्तर जुन्या आज्ञावलीच्या उत्तराशी जुळते की नाही, हे तपासण्यासाठी जुनी आज्ञावली चालू स्थितीत असावीच लागते. जुनी आज्ञावली चालण्यासाठी तिचा इंटरप्रिटर, इंटरप्रिटरसाठी विशिष्ट आवृत्तीचे उपआज्ञावली-संग्रह अर्थात लायब्ररी, आणि लायब्ररींसाठी त्यांना मानवणारी परिचालन प्रणाली अशी साखळी असते. संगणक बदलला, की या साखळीतील एखादा दुवा निखळतो. कंटेनर या साखळीचा बराचसा भाग एकत्र बांधून ठेवतो. मात्र काही दुवे त्याच्या बाहेरच राहतात आणि एपीएलच्या बाबतीत नेमके तेच अडचणीचे ठरतात.

भाषेचे स्वरूप : केनेथ यूजीन आयव्हर्सन (१९२०–२००४) या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञांनी हार्व्हर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असताना गणनक्रिया नेमकेपणाने मांडण्यासाठी एक चिन्हपद्धती तयार केली. ती माणसाने माणसासाठी लिहावयाची पद्धती होती. संगणकाने ती वाचावी असा प्रारंभी हेतू नव्हता. १९६० मध्ये आयव्हर्सन आयबीएम कंपनीत गेले. तेथे ॲडिन फॉल्कॉफ यांच्या सहकार्याने या पद्धतीला सुसंगत रूप मिळाले. १९६२ मध्ये ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा आयव्हर्सन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच्याच आद्याक्षरांवरून भाषेला एपीएल हे नाव पडले. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेचे औपचारिक वर्णन याच चिन्हपद्धतीत करण्यात आले. १९६५ मध्ये आयबीएम ७०९० या संगणकावर आणि १९६६ मध्ये सिस्टिम/३६० वर, अनेक उपयोजकांना एकाच वेळी वापरता येईल अशा स्वरूपात, ही भाषा प्रत्यक्ष चालू लागली. या कार्याबद्दल आयव्हर्सन यांना १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एपीएलमध्ये एकेका संख्येऐवजी संख्यांची संपूर्ण माला, सारणी किंवा आव्यूह हा क्रियेचा विषय असतो. उदा., क ही बारा महिन्यांच्या पर्जन्यमानाची माला असेल, तर +/क एवढे लिहिले की वार्षिक बेरीज मिळते. आवर्तन किंवा मोजणीचा चल यांची गरज पडत नाही. क्रियांना परस्परांवर अग्रक्रम नसतो व राशी उजवीकडून डावीकडे सोडविली जाते. त्यामुळे ३×४+५ याचे उत्तर एपीएलमध्ये १७ नसून २७ येते. नवख्या माणसाला हे विचित्र वाटते. पण कित्येक क्रियाचिन्हे असलेल्या भाषेत अग्रक्रमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा हा एकच नियम सोपा आहे, हे थोड्याच सरावात पटते. ग्रीक आयोटा व ऱ्हो ही अक्षरे, वर्तुळे, बाण, चौकटी अशी अनेक चिन्हे एकेका क्रियेसाठी वापरली जातात. इतर भाषांत पानभर जागा घेणारी आज्ञावली एपीएलमध्ये ओळी-दोन ओळींत बसते. या संक्षेपाचे भाषेच्या चाहत्यांना अप्रूप असते, तर विरोधकांच्या मते आठवड्यानंतर ती ओळ लिहिणाऱ्यालाही समजत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

ही चिन्हे सामान्य टंकयंत्रावर नसल्याने आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकयंत्रातील ८८ अक्षरांचा गोल बदलून एपीएलचा खास गोल बसवावा लागे. त्यातही सर्व चिन्हे मावत नसत. म्हणून आव्यूहाचा व्यस्त काढणारे चिन्ह उमटविण्यासाठी आधी चौकट टंकित करून, गोल एक घर मागे नेऊन, त्याच जागी भागाकाराचे चिन्ह उमटविले जाई. भाषा वापरण्यासाठी यंत्राचा एक भागच बदलावा लागणे, ही एपीएलची मूळची अडचण असून पुढे तिने निरनिराळी रूपे घेतली.

१९७५ मध्ये आयबीएमने ५१०० हा सु. २५ किग्रॅ. वजनाचा, एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येण्याजोगा संगणक बाजारात आणला. त्यात एपीएल वापरता येत असे. मात्र तिचा इंटरप्रिटर नव्याने लिहिलेला नव्हता. ५१०० च्या लहानशा प्रक्रियकाला सिस्टिम/३६० मधील आज्ञांची नक्कल करावयास लावून मोठ्या संगणकाचाच इंटरप्रिटर त्यावर चालविला होता. आज्ञावली बदलण्याऐवजी तिला हवी असलेली परिस्थिती नव्या जागी उभी करावयाची, ही कल्पना त्यातून स्पष्ट दिसते. कंटेनरचा उद्देशही तोच आहे. मार्ग मात्र वेगळा आहे.

कंटेनरची घडण : १९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या प्रक्रियेपुरती फाइल-व्यवस्थेची मूळ निर्देशिका बदलून देण्याची सोय आली. त्या प्रक्रियेला तेवढ्याच फाइली दिसत. पण इतर प्रक्रिया, जालसंपर्क वा स्मृती यांवर कोणतेही बंधन नसे. २००० मध्ये फ्री-बीएसडीत व २००५ मध्ये सोलॅरिस १० मध्ये हे विलगीकरण अधिक पुरे झाले. लिनक्समध्ये दोन स्वतंत्र सोयी क्रमाने वाढत गेल्या. पहिली नामावकाशांची. प्रक्रियेला कोणत्या फाइली, कोणते प्रक्रिया-क्रमांक, कोणते जाल-पत्ते व कोणते उपयोजक दिसावेत, हे नामावकाश ठरवितात. २००२ मध्ये त्यांचा प्रारंभ झाला व २०१३ पर्यंत त्यांतील मुख्य प्रकार पूर्ण झाले. दुसरी नियंत्रण गटांची. एखाद्या प्रक्रिया-समूहाने किती स्मृती व किती प्रक्रियक-वेळ वापरावा, याची मर्यादा हे गट घालून देतात. गूगल कंपनीतील अभियंत्यांनी आरंभलेली ही सोय २००८ च्या प्रारंभी लिनक्स कर्नेलमध्ये आली.

मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाउड या कंपनीचे सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील पायथन परिषदेत डॉकर ही साधनप्रणाली सादर केली. तिने विलगीकरणाचे तंत्र नव्याने शोधले नाही. कंटेनरमध्ये काय असावे हे साध्या मजकुराच्या कृतिपत्रात लिहावे, त्यावरून फाइलींचे थर रचून एक प्रतिमा तयार करावी, आणि ती प्रतिमा कोठेही नेऊन चालवावी, अशी सुटसुटीत रीत तिने घालून दिली. प्रतिमेतील थर केवळ वाचनासाठी असतात. कंटेनर चालू होताना त्यांच्यावर लिहिण्याजोगा एक पातळ थर चढतो व कंटेनर काढून टाकला की तो थरही नष्ट होतो. २०१५ मध्ये प्रतिमेच्या व ती चालविण्याच्या रीतीच्या मानकीकरणासाठी उद्योगांची संयुक्त संघटना स्थापन झाली. त्यामुळे डॉकरने घडविलेली प्रतिमा पॉडमनसारख्या दुसऱ्या साधनानेही चालविता येते.

आभासी यंत्र आणि कंटेनर यांत वरवर साम्य दिसते. आभासी यंत्रात स्वतंत्र कर्नेल असतो; कंटेनरात तो नसतो. कंटेनरमधील इंटरप्रिटर ही यजमान संगणकाच्या दृष्टीने इतरांसारखीच एक प्रक्रिया असते. म्हणून कंटेनर क्षणार्धात सुरू होतो व त्याला फारशी जादा स्मृती लागत नाही. याच कारणाने लिनक्सचा कंटेनर विंडोज वा मॅक-ओएसवर थेट चालत नाही. तेथे आधी लिनक्सचे एक आभासी यंत्र पडद्याआड चालवावे लागते.

प्रतिमा तयार करणे : एपीएलचे आज अनेक इंटरप्रिटर उपलब्ध आहेत. व्यापारी इंटरप्रिटरांपैकी १९८३ पासूनचा डायलॉग एपीएल प्रमुख आहे. मुक्त सॉफ्टवेअरपैकी युर्गेन साउअरमान यांचा ग्नू एपीएल हा सी++ भाषेत लिहिलेला असून तो विस्तारित एपीएलच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकाला अनुसरतो. येथील विवेचन मुख्यतः ग्नू एपीएलसारख्या इंटरप्रिटरला उद्देशून आहे.

अल्पपरिचित भाषांचे तयार पॅकेज प्रत्येक लिनक्स वितरणात मिळेलच असे नसते. अशा वेळी इंटरप्रिटरचा मूळ मजकूर आणून तो कंपाइल करावा लागतो. त्यासाठी लागणारा सी++ कंपायलर व त्याची साधने शेकडो मेगाबाइट जागा व्यापतात; इंटरप्रिटर चालविताना मात्र त्यांची काहीच गरज नसते. २०१७ पासून डॉकरमध्ये टप्प्याटप्प्याने घडणीची सोय आहे. पहिल्या टप्प्यात साधनांसह इंटरप्रिटर तयार केला जातो आणि दुसऱ्या टप्प्यात तयार इंटरप्रिटर तेवढा स्वच्छ पायावर ठेवला जातो.

पाया म्हणून अल्पाइन लिनक्स लोकप्रिय आहे. त्याची मूळ प्रतिमा दहा मेगाबाइटांच्याही आत बसते, तर डेबियनची आटोपशीर प्रतिमाही त्याच्या अनेक पट असते. या लहानपणाचे कारण असे, की अल्पाइनमध्ये ग्नू संस्थेच्या सी-लायब्ररीऐवजी मसल ही छोटी सी-लायब्ररी असते व नेहमीच्या साधनांचे काम बिझीबॉक्स ही एकच आज्ञावली करते. हा फरक निरुपद्रवी नाही. ग्नू सी-लायब्ररीवर कंपाइल केलेला इंटरप्रिटर अल्पाइनमध्ये नुसता ठेवून चालविला, तर सामान्यतः ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते. वस्तुतः न सापडणारी फाइल इंटरप्रिटरची नसून त्याला स्मृतीत चढविणाऱ्या भारकाची असते. परंतु संदेशात तसे म्हटलेले नसल्याने शोध भलतीकडेच चालतो. यावर उपाय दोन : इंटरप्रिटर मसलवरच कंपाइल करावा, अथवा सरळ डेबियनसारखा पाया घ्यावा. मसलमध्ये प्रक्रियेतील उपधाग्यांना मिळणारी चितिस्मृतीही पुष्कळच कमी असते. त्यामुळे खोलवर पुनरावर्ती आज्ञावली अशा धाग्यात चालत असेल, तर एरवी न येणारी बिघाडी तेथे येऊ शकते. केवळ मूळ मजकुराच्या रूपात मिळणाऱ्या, थोड्या लोकांनी तपासलेल्या इंटरप्रिटरसाठी प्रतिमेचे काही मेगाबाइट वाचविण्यापेक्षा, तो ज्या लायब्ररीवर घडविला व तपासला गेला तीच लायब्ररी देणे केव्हाही श्रेयस्कर.

चिन्हे, संकेतन व टर्मिनल : टंकयंत्राच्या गोलाची अडचण पडद्याच्या काळात टंकाकृतींची झाली. निरनिराळ्या कंपन्यांनी आठ अंकी संकेतांत एपीएलची चिन्हे आपापल्या सोयीने बसविली. विशिष्ट टंकाकृती नसेल तर त्याच मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसत. हा अनुभव मराठी वाचकाला अपरिचित नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी वळणे बसविलेल्या जुन्या टंकाकृतींतील मजकूर, ती टंकाकृती नसलेल्या संगणकावर असाच दिसत असे. युनिकोडमध्ये देवनागरीप्रमाणेच एपीएलच्या चिन्हांनाही स्वतंत्र क्रमांक मिळाले व संकेतनाचा प्रश्न तत्त्वतः सुटला. ग्नू एपीएल यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनातच मजकूर वाचते व लिहिते.

कंटेनरमध्ये हा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. जागा वाचविण्यासाठी लहान प्रतिमांतून भाषा-प्रदेशविषयक माहिती वगळलेली असते आणि पर्यावरण-चल न दिल्यास प्रणाली ‘सी’ हा मूळ संकेत गृहीत धरते. त्यात एका बाइटला एक अक्षर मानले जाते. एपीएलच्या बहुतेक खास चिन्हांना यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट लागतात. तेव्हा ओळ संपादित करताना एक चिन्ह पुसले तर त्याचा तिसरा हिस्साच पुसला जाण्याचा संभव असतो. प्रतिमेच्या कृतिपत्रातच यूटीएफ-८ चा निर्देश केला, की हा दोष जातो. डेबियनमध्ये त्यासाठी वेगळे पॅकेज घ्यावे लागत नाही. मसलमध्ये तर यूटीएफ-८ हेच मूळ संकेतन आहे.

याउलट टंकाकृती प्रतिमेत घालून काहीच लाभ होत नाही. कंटेनर अक्षरे काढीत नाही; तो बाइट बाहेर पाठवितो आणि त्यांची चित्रे यजमान संगणकावरील टर्मिनल काढते. कळफलकाचेही तसेच. कोणत्या कळीने आयोटा उमटावा, हे यजमान प्रणाली ठरविते. सर्व काही बरोबर घेऊन जाणारी पेटी असे कंटेनरचे वर्णन केले जाते. पण एपीएलच्या उपयोजकाचे डोळे व बोटे ज्या दोन गोष्टींवर प्रत्यक्ष टेकतात, त्या दोन्ही पेटीबाहेर असतात. म्हणून एपीएलच्या प्रतिमेबरोबर कळफलकाचा नकाशा व आवश्यक टंकाकृतीचे नाव यांची लेखी नोंद देणे हा तिच्या जतनाचाच भाग ठरतो. ज्या आज्ञावलीशी संवाद साधावयाचा नसून जी फाइलीतून वाचून केवळ चालवावयाची आहे, तिच्यापुरता हा प्रश्न उद्‌भवत नाही.

संवादी वापरासाठी आणखी एक गोष्ट लागते. कंटेनरला आदानाचा मार्ग व टर्मिनल ही दोन्ही जोडून न दिल्यास इंटरप्रिटरला पहिल्याच वाचनात आदान संपल्याचे आढळते. कंटेनर सुरू होऊन तत्काळ बंद झाल्याचे दिसते व इंटरप्रिटरच बिघडल्याचा समज होतो.

कार्यक्षेत्र व स्मृती : एपीएलमध्ये उपयोजकाने लिहिलेली फलने, त्याची आधारसामग्री आणि भाषेच्या काही मांडण्या एकत्रितपणे कार्यक्षेत्र या एककात राहतात. कार्यक्षेत्र साठविले की दुसऱ्या दिवशी काम नेमके जेथे थांबविले तेथून पुढे सुरू करता येते. निर्देशांक ० पासून मोजावयाचे की १ पासून, किती अल्प फरक असलेल्या दोन संख्या समान मानावयाच्या, यादृच्छिक संख्यांचे बीज कोणते, या गोष्टीही कार्यक्षेत्राबरोबर जातात. आज्ञावली व तिची परिस्थिती एकत्र बांधण्याची ही रीत कंटेनरच्या पन्नास वर्षे आधीची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र चालू कार्यक्षेत्र संगणकाच्या स्मृतीत असते. कंटेनर थांबविण्याची आज्ञा दिली, की डॉकर प्रथम आतील पहिल्या प्रक्रियेला आवरते घेण्याचा संकेत पाठविते व ठराविक अवधीत (मूळ मांडणीप्रमाणे दहा सेकंदांत) ती न थांबल्यास तिला सक्तीने बंद करते. लिनक्समध्ये क्रमांक १ च्या प्रक्रियेला विशेष संरक्षण असते. ज्या संकेताची तजवीज तिने स्वतः केलेली नाही, तो तिच्यापर्यंत पोचून निष्फळ ठरतो. साध्या यंत्रावर इंटरप्रिटर ही क्रमांक १ ची प्रक्रिया कधीच नसते. कंटेनरमध्ये ती बहुधा तीच असते. परिणामी इंटरप्रिटर संकेताकडे दुर्लक्ष करून दहा सेकंद चालू राहतो व नंतर न साठविलेल्या कार्यक्षेत्रासह एकाएकी नाहीसा होतो. यासाठी संकेत पुढे पोचविणारी एक छोटी आज्ञावली क्रमांक १ वर ठेवतात. डॉकरमध्ये तशी सोय अंगभूत आहे. साठविलेले कार्यक्षेत्रही कंटेनरच्या तात्पुरत्या थरात राहिले तर कंटेनरबरोबर जाते. म्हणून कार्यक्षेत्रांची निर्देशिका यजमान संगणकावरील कायम जागेशी जोडणे अनिवार्य आहे.

स्मृतीच्या मर्यादेबाबत एपीएल विशेष संवेदनशील आहे. सिस्टिम/३६० वरील प्रारंभीच्या काळात एका उपयोजकाचे कार्यक्षेत्र सामान्यतः चाळीस हजार बाइटांच्याही आत असे. ते भरले की इंटरप्रिटर तसा संदेश देई, चालू आज्ञा सोडून देई आणि आधीची सामग्री सुरक्षित राही. आज नियंत्रण गटाने कंटेनरला, समजा, १ गिगाबाइट स्मृती दिली. परंतु यजमानाजवळ ६४ गिगाबाइट असली, तर स्मृतीविषयीच्या प्रणाली-फाइलीत आतूनही ६४ चाच आकडा दिसतो. त्यावर विसंबणाऱ्या इंटरप्रिटरला आपल्याजवळ विपुल स्मृती असल्याचा भ्रम होतो. २०,००० संख्यांच्या दोन मालांचा बाह्य गुणाकार एपीएलमध्ये चार-पाच चिन्हांत लिहिता येतो. त्यातून ४० कोटी संख्यांचा आव्यूह निर्माण होतो व प्रत्येक संख्येस केवळ ८ बाइट धरले तरी ३.२ गिगाबाइट स्मृती लागते. मर्यादा ओलांडताच कर्नेल प्रक्रियेचा शेवट करतो. कार्यक्षेत्र भरल्याचा संदेश येत नाही आणि सावरण्याची संधीही मिळत नाही. यावर उपाय म्हणून नियंत्रण गटाच्या मर्यादेहून थोडी कमी अशी आभासी स्मृतीची मर्यादा प्रक्रियेलाच घालतात. तसे केल्यास स्मृतीची मागणी कर्नेलकडून रीतसर नाकारली जाते व इंटरप्रिटरला आपला जुना, सौम्य संदेश देता येतो.

उत्तरांची एकरूपता : तीच प्रतिमा सर्वत्र तेच उत्तर देते, असा सर्वसाधारण समज आहे. पूर्णांकांच्या बाबतीत तो बरोबर आहे. अपूर्णांकी गणनेत मात्र प्रक्रियकाचा प्रकार आड येऊ शकतो. एका प्रकारच्या प्रक्रियकासाठी घडविलेली प्रतिमा दुसऱ्या प्रकारच्या प्रक्रियकावर थेट चालत नाही. तिचे दुसरे रूप नव्याने कंपाइल करावे लागते किंवा ५१०० मध्ये केल्याप्रमाणे आज्ञांची नक्कल करावी लागते. नव्याने कंपाइल करताना गुणाकार व बेरीज या दोन क्रिया एका आज्ञेत एकवटल्या, तर मधल्या पायरीवर होणारे पूर्णांकन टळते आणि शेवटच्या स्थानांतील अंक बदलतात. एपीएलमध्ये तुलनेसाठी एक अल्प सह्यता (ग्नू एपीएलमध्ये मूलतः १०⁻१३) धरलेली असल्याने असा फरक बहुधा समानतेच्या कसोटीत दिसून येत नाही. त्याचा एक तोटाही आहे. दोन उत्तरे समान असल्याचा निर्वाळा भाषेनेच दिला, तरी लाखो हप्त्यांच्या बेरजेत ती शेवटच्या पैशापर्यंत जुळतीलच असे नाही. जुन्या आज्ञावलीची पडताळणी करणाऱ्यांनी सह्यता शून्य ठेवून तुलना करावी, हे योग्य.

सुरक्षितता : एपीएलचा इंटरप्रिटर उपयोजकाने दिलेली कोणतीही राशी अमलात आणतो व अनेक इंटरप्रिटरांतून परिचालन प्रणालीच्या आज्ञाही देता येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना वा जनतेला दुरून वापरण्यासाठी तो खुला करावयाचा असल्यास कंटेनरची भिंत महत्त्वाची ठरते. ती अभेद्य मात्र नाही. कंटेनर सुरू करणाऱ्या रन-सी या मूलभूत साधनात फेब्रुवारी २०१९ मध्ये असा दोष उघडकीस आला, की कंटेनरमधील सर्वाधिकारी प्रक्रियेला यजमानावरील ते साधनच बदलून टाकता येत होते. म्हणून इंटरप्रिटर सामान्य उपयोजकाच्या अधिकाराने चालविणे, प्रतिमा केवळ वाचनीय ठेवणे, जालसंपर्क तोडणे व प्रक्रियांच्या संख्येवर मर्यादा घालणे, एवढी काळजी किमान घ्यावी लागते.

दीर्घकालीन जतन : प्रतिमेला दिलेले नाव व आवृत्तीचे लेबल बदलता येते, आज ज्या लेबलाखाली एक प्रतिमा आहे, त्याच लेबलाखाली उद्या दुसरी असू शकते. मजकुरावरून काढलेला २५६ अंकी द्विमान ठसा मात्र प्रतिमेतील एक बिट बदलला तरी बदलतो. म्हणून नोंद ठशाची ठेवतात. कृतिपत्र जपले म्हणजे प्रतिमा जपली, असेही नाही. काही वर्षांनी तेच कृतिपत्र पुन्हा चालविल्यास त्यात उल्लेखिलेली पॅकेजे त्या वेळच्या आवृत्तींत मिळतील किंवा मिळणारही नाहीत. प्रतिमेची फाइल, कृतिपत्र आणि इंटरप्रिटरचा मूळ मजकूर अशा तिन्ही गोष्टी, कोणत्याही एका कंपनीच्या भांडारावर विसंबून न राहता, आपल्याजवळ ठेवाव्या लागतात. कर्नेल प्रतिमेत नसला तरी जुन्या आज्ञावली नव्या कर्नेलवर चालत राहाव्यात, हे धोरण लिनक्सच्या विकासकांनी कटाक्षाने पाळले आहे; कंटेनरची दीर्घायुता बव्हंशी त्याच धोरणावर आधारलेली आहे.

कार्यक्षेत्रांच्या बाबतीत ग्नू एपीएलमध्ये दोन मार्ग आहेत. एका आज्ञेने कार्यक्षेत्र एक्सएमएल या खुणांकित रूपात संपूर्णपणे साठविले जाते, तर दुसऱ्या आज्ञेने ते माणसाला वाचता येणाऱ्या साध्या एपीएल मजकुराच्या रूपात उतरविले जाते. पहिले रोजच्या कामाला सोयीचे असते. दुसरे उतरवून ठेवल्यास तो मजकूर दुसऱ्या आवृत्तीत वा थोड्या फेरफाराने दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये वाचता येतो, आणि इंटरप्रिटर मुळीच उपलब्ध नसला तरी कागदावर छापून अभ्यासता येतो.